गोलकीपरला लावलेला कौल

...तर मी काय म्हणते, थांबायचं कशाला? स्वीडनचा क्लब पगार देऊन बोलावतोय, शुक्रवारपर्यंत सही मागतोय, आणि आमची उर्जा, माझ्या रुपेशची मुलगी हो, इथंच जर्मनीत हायडेलबर्गला कॉलेजात शिकते, बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर आहे, अंगाला गाद्या बांधून उभी राहते जाळ्यासमोर... तर ही बया म्हणते, "आजी, बघू." अगं बघू काय? मला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय, मला नको बघायला मिळायला?

रुपेशला विचारावं तर तो र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यातला इंजिनियर, गाडीच्या दाराच्या बिजागरीवर आठ वर्षं काढलेला माणूस. "आई, आधी डिग्री. एकच वर्ष राहिलंय. उद्या गुडघा गेला तर?" सून सुरुची म्हणते, "अहो आई, तिचं तिला ठरवू द्या." ठरवू द्या म्हणे... आणि मी काय नुसत्या शेंगा सोलू? थांबायचं कशाला?

तुम्हाला सांगते, रविवारी पोरगी घरी आली तशी मी कौल लावला. चाफा कुठला इथं, बाल्कनीतल्या जिरेनियमच्या दोन पाकळ्या ओल्या केल्या, खंडोबाच्या तसबिरीच्या काचेवर चिकटवल्या. उजवी पडली तर आत्ता जा, डावी पडली तर थांब. आणि डावीला... आता तुमच्यापासून काय लपवायचं, मधाचं बोट लावलं. देवाला तेवढीच मदत.

उर्जाला समोर बसवली. उजवी हलली, सुटली, मी येळकोट म्हणायला तोंड उघडलं... आणि हिनं हवेतच झेलली. डाव्या हातानं. सवयच ती, सुटलं काही की अडवायचं.

"पडलीच नाही, आजी." वर काचेला बोट लावून चाटून बघते. "होनिग?" मध हो, मध. मी आपली खिडकीबाहेर बघायला लागले.

मग म्हणाली, "आत्ता गेले तर वर्षभर राखीव म्हणून बाकावर बसेन. डावीकडचे गोल अजून सुटतात माझे. डिग्री करते, डावी बाजू पक्की करते, मग जाते. त्यांना कालच कळवलंय."

"आणि त्यांनी दुसरी घेतली तर?"

"तर दुसरा क्लब. आल्झो, तर मग, आजी, जाणार तर मी आहेच. पण जाळ्यासमोर उभी राहायला जाणार."

आता जिनं देवाचा कौल अडवला तिला मी काय अडवणार? डावीकडचं सुटतं म्हणे... पाकळी नाही सुटली ती, त्याच डाव्या हातातून.

म्हणजे मलाच आणखी एक वर्ष जगणं आलं. सुरुचीला सांगून टाकलंय, उद्यापासून माझ्या चहात साखर नको, आणि ती मधाची बाटलीही माझा हात पुरणार नाही अशी ठेव. थांबते बापडी.