डुगडुगणारं टेबल

...आणि वर मलाच म्हणते, 'बाबा, तुम्हाला चार माणसांत न्यायची सोय नाही!' अहो, पण मी बोललो काय? चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस दीड तास नुसतं 'छान, छान' करत बसला, आणखी काय जीव द्यायचा?

तुम्हाला सांगतो, घरातून निघतानाच ताकीद होती. कारण तिचं आधीचं जमलेलं लग्न माझ्यामुळे मोडलं म्हणे. का? तर मुलाच्या घरचं शोकेस मी वाजवून बघितलं आणि 'आत भुसा आहे' एवढंच म्हणालो. होता भुसा! पण ते शोकेस मुलाच्या आईच्या माहेरचं निघालं... असो. पोरगी सहा महिने माझ्याशी धड बोलली नाही. म्हणून या वेळी, 'मुलाचे वडील येणारेत, कुणी काहीही विचारलं तरी छान म्हणायचं आणि लाकडाला हात लावायचा नाही!' आणि नेलं कुठे? इटालियन हॉटेलात! जिथे बघाल तिथे लाकूड!

म्हणजे, लाकडासारखा दिसणारा, वरून चिकटवलेला कागद. माझ्याच खुर्चीचा कोपऱ्यातून सुटलेला. मुलगी म्हणाली, 'कसं वाटतंय बाबा?' छान.

वाढणारी बाई आली, एका दमात म्हणाली, 'सॉस लाल, पांढरा की गुलाबी?' अहो, कपाटाचा रंग ठरवायलाही लोक मला आठवडा देतात! म्हटलं, छान. तिने तिन्ही आणले.

मुलीसमोर मुलगा, माझ्यासमोर मुलाचे वडील. फरशी बसवण्याचं काम करतात. काही विचारलं की म्हणायचे, 'छान.' मला वाटलं, माणूस जरा शिष्टच दिसतोय.

आणि टेबल डुगडुगत होतं हो! त्यांनी कोपर टेकलं की माझी बाजू वर, मी टेकलं की त्यांची. सूप ताटलीत कमी, टेबलावर जास्त. मुलगी माझ्याकडे टक लावून बघतेय, मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलोय... किती वेळ बसणार? चमचा पाडला. मुद्दाम पाडला, कबूल! आणि गेलो खाली.

खाली बघतो तर मुलाचे वडील! त्यांचा काटा पडलेला. गुडघ्यांवर बसून, खिशातली गोटी फरशीवर सोडून, उतार बघत होते.

मी हळूच म्हटलं, 'पाय दोन सूत आखूड आहे.'

'छे हो, पाय बरोबर आहे. फरशीच दोन सूत खचलीय. बघा, गोटी पळाली.'

आयुष्यभर मी फरशीवाल्यांशी भांडलो, पण फरशीवाल्याने आपल्या तोंडाने फरशीची चूक कबूल केलेली... तुम्हाला सांगतो, मला भरून आलं! म्हटलं, पोरगी द्यावी तर याच घरात. ते पुटपुटले, 'पोराने बजावलंय, फक्त छान म्हणा.' मी म्हटलं, 'तुम्हालाही?' मग काय, वर हात घालून चाचपडलं, पिझ्झाची कड लागली हाताला, चांगली कडक, तीच पाचर केली, त्यांनी पाय उचलून धरला, मी चपलेने ठोकली. टेबल हललं तर शपथ!

वर आलो तर मुलगी पांढरीफटक, मुलाने कपाळाला हात लावलेला, आणि शेजारी हॉटेलचा मालक उभा. हसून विचारतो, 'पिझ्झा कसा काय?'

मी म्हटलं, 'छान. घट्ट बसलाय.'

मुलाचे वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला. लग्न तिथेच ठरलं. मुलीला हसू आवरेना, मला रडू.

आता सगळं गोड झालं म्हणाल ना? काल व्याही घरी आले. हात धुवायला मोरीत गेले. ती फरशी मी स्वतः बसवलीय, चार दिवस खपून! नळ बंद झाला. मग ऐकू आलं... गोटी गडगडत, गडगडत, थेट दारापर्यंत.

बाहेर आले. हात पुसले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले,

'छान.'