चाळीस मिनिटांचा उजेड

...नाही, पण टॉर्च निवडायचं काम माझ्याच गळ्यात का? मी सफाईवर देखरेख करणारी बाई, चौदा खोल्यांचं ते हॉस्पिटल, मला फिनेल कळतं, फडकी कळतात, टॉर्चमधलं काय कळतं हो? पण मोठ्या साहेबांनी कुठूनतरी एक बाटली आणली. तिच्यातलं औषध सुकलं की दिसतच नाही, पण अतिनील टॉर्च मारला की निळं चमकतं! म्हणाले, "बाई, सकाळी गुपचूप ठिपके लावायचे. कॉटच्या दांडीला, नळाला, बटणांना. दुपारी टॉर्च मारायचा. ठिपका चमकला, म्हणजे पुसलं नाही. आठवड्यात तीन चमकले, की ते माणूस घरी!"

घरी! मला आधी मावशीच आठवल्या, तुम्हाला सांगते. कारण शेवटच्या चार खोल्या पुसायला आमच्या या जुन्या सफाईवाल्या मावशी. फडकं कसं पिळायचं ते मला त्यांनीच शिकवलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू... त्यांना दिसणारे डाग दिसत नाहीत, न दिसणारे कुठून दिसणार?

दुकानदाराने दोन टॉर्च पुढे ठेवले. एक दांडगा. "ताई, दिवसभर चालतो, बघायलाच नको!" खरंच बघायला नको, नुसता जांभळा भपका, ठिपका नाकाशी नेला तरी दिसेना! दुसरा बोटाएवढा, पण असा प्रखर की दारातून ठिपका डोळ्यांत घुसावा. "फक्त हा चाळीस मिनिटांत मान टाकतो हं, ताई." उजेड की बॅटरी? सांगा ना, तुम्ही काय घेतलं असतं?

मी मनात हिशेब केला. एका खोलीला चार मिनिटं, दहा खोल्यांना चाळीस... बॅटरी संपणार ती बरोब्बर मावशींच्या दारात! घेतला प्रखर. साहेब खूश. आणि मी पहिल्या खोलीपासून अशी रेंगाळत निघायची, एकेका नळापुढे इतकी उभी राहायची, की पेशंट विचारायचे, "बाई, नळाला काही झालंय का?"

चार दिवस निभावलं. पाचव्या दिवशी साहेब शांतपणे म्हणाले, "रोज अकराव्या खोलीशीच कशी हो मरते बॅटरी?" ओरडले असते तर बरं वाटलं असतं! "उद्या मी येतो. चौदापासून सुरू करू."

उजेड की बॅटरी... आता दोन्ही माझ्या जिवावर!

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या आधी मी चौदा नंबरमध्ये घुसले. ठिपके कुठे ते मलाच माहीत, नाही का? खिशातलं फडकं काढलं आणि दांडी पुसली, नळ पुसला, बटणं पुसली, हाताला लागेल ते सगळं पुसलं. मग साहेब आले. मागे मावशी, हातात बादली. पडदे ओढले. दिवा घालवला. भर दुपारी असा काळोख, की माझाच हात मला दिसेना... आणि टॉर्च लागला.

अहो, अख्खी खोली पेटली! दांडी निळी, नळ निळा, भिंतीवर निळे पट्टे, दारावर पाच निळी बोटं, जणू कोणी आतून बाहेर पडायला धडपडलंय! कारण काय, तर खिशातलं ते फडकं. रोज सकाळी मी त्यानेच बाटलीचं तोंड पुसायची!

साहेबांनी पेन काढलं. "मावशी, नाव लिहितो."

"लिहा," मावशी म्हणाल्या. "पण मी सकाळीच दोनदा पुसलं होतं. वास तरी घेऊन बघा."

उजेड की बॅटरी? त्या क्षणी देवाला म्हटलं, बॅटरी संपव! कसली संपतेय, सुरुवातीचंच मिनिट! मग मी हात पुढे केले. टॉर्चखाली मनगटापर्यंत निळे, भुतासारखे. "साहेब, हे माझं आहे."

मावशी वाकून बघत बसल्या. "अगं पोरी, हे मलासुद्धा दिसतंय की!"

साहेबांनी नाव लिहिलं ते माझं, आणि आता देखरेखीच्या जागेवर मावशी आहेत. म्हणून तर मी ही अशी भर दुपारी तुमच्याशी बोलायला मोकळी. काल त्यांचा फोन आला, "काय गं, हा टॉर्च चार्ज कुठून करायचा?"

सांगितलं. काय करणार?