पाणी जातं कुठे?

...आणि वर मलाच विचारते, "बाबा, जमेल ना?" मला! चौतीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला! लाठीमारात उभं राहून मी फोनवर बातमी सांगितलीय, एक मंत्री माझ्या प्रश्नाला भिऊन मागच्या दाराने पळालाय, आणि माझी पोटची पोर मला विचारते, दीड वर्षाच्या नातीला आंघोळ घालायला जमेल ना? तुम्हाला सांगतो, अपमान अपमान म्हणतात तो हाच!

मुलगी नर्स आहे. सोमवारपासून तिला सकाळची पाळी. आणि नात... तिला आम्ही ठिणगी म्हणतो, का ते तिला भेटलात की कळेल. 'आई' सोडून अजून एक शब्द बोलत नाही, पण गेल्या आठवड्यात डोळ्यांत साबण गेला तेव्हापासून नुसता टब दिसला तरी सगळी इमारत डोक्यावर घेते. मुलगी म्हणाली, "मी दुकानात जाऊन येते. आज तुम्ही घाला. न रडता झाली तर सोमवारपासून ती तुमच्याकडे. नाहीतर पाळणाघर. मी नाव घालून ठेवलंय." नाव घालून ठेवलंय! म्हणजे शिक्षा आधी, सुनावणी नंतर!

त्यात माझ्या डोक्यात दुसरंच पाणी. आमच्या शहराच्या टाकीतून जेवढं निघतं त्यातलं निम्मंच नळाला पोचतं. मग उरलेलं पाणी जातं कुठे? एवढाच साधा प्रश्न! तीन आठवडे पाणी खात्याच्या मोठ्या इंजिनिअरच्या मागे आहे मी, आणि तो काय म्हणतो? नाकातून, अगदी शांतपणे, "माहिती घेऊन सांगतो." सोमवारी विचारलं, "माहिती घेऊन सांगतो." गुरुवारी विचारलं, "माहिती घेऊन सांगतो." अहो, घेतोस कुठून माहिती, परदेशातून मागवतोस का? शेवटी म्हणाला, शनिवारी सकाळी स्वतः फोन करतो. आज शनिवार! आणि मुलीचा हुकूम, "फोन बाहेर ठेवायचा."

हुकूम तरी किती! "टॉवेल, कपडे, साबण, मग, सगळं आधी हाताशी घ्या. टबाखाली घसरायचं नाही असं काहीतरी घाला. आधी गार, मग गरम. पाणी चार बोटं, जास्त नाही. आणि बाबा, कोपराने बघा." कोपराने! चौतीस वर्षं मी कोपराने फक्त गर्दीत वाट काढली! पण बुडवलं. कोमट लागलं. आता एकाच सूत्रावर विश्वास ठेवायचा नाही हा आमच्या धंद्याचा नियम, म्हणून दुसरंही कोपर बुडवलं. दोन्ही सूत्रांचा दुजोरा! "आणि एक हात कायम तिच्यावर. दाराची बेल वाजो, भूकंप होवो, तिला सोडून उठायचं नाही. जायचंच असेल तर टॉवेलात गुंडाळून बरोबर न्यायचं." मी म्हटलं, "चार बोटं पाण्यात काय होतंय?" ती नुसती बघत राहिली. आईवर गेलीय.

ठिणगीला टबात ठेवलं... ओठ थरथरले, छाती भरली, आता भोंगा! मी घाबरून मग उचलला आणि उंचावरून पाण्याची बारीक धार सोडली. आणि थांबली हो! धारेकडे बघत बसली. मग हळूच हात पुढे केला आणि धार मुठीत पकडली. घट्ट! मूठ उघडली. काही नाही. माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा धार सोडली, तिने पुन्हा पकडली, पुन्हा उघडली. सतरा वेळा! मी मोजलं! पाणी मी जन्मापासून बघतोय, पुरात बघितलंय, दुष्काळात बघितलंय, पण ते धरता येत नाही याचं एवढं आश्चर्य मला कधी वाटलं होतं? तिच्या पापणीवर एक थेंब लटकत होता आणि तिला डोळे मिटायलाही सवड नव्हती...

आणि बाहेर फोन वाजला!

तोच! दुसरा कोण! मी अर्धा उठलो. एक हात तिच्यावर. गुंडाळून न्यावी? आठ दिवसांत पहिल्यांदा ती पाण्यात हसतेय, ओढून काढली तर गेलं सोमवारचं! मग... दहा पावलं? चार बोटं तर पाणी! आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा मला ती बातमी आठवली. पान पाच, खालचा कोपरा, चार ओळी. बाळाला टबात ठेवून आई फक्त दार उघडायला गेली होती. लिहिली कुणी होती? मीच. लिहून चहा प्यायलो होतो.

बसलो. मटकन खाली बसलो. फोन वाजला, वाजला, आणि थांबला. बाथरूममध्ये कशी शांतता पसरली! त्या शांततेत ठिणगीने मूठ उघडली, रिकाम्या तळव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली,

"कुथे?"

अहो, कुठे! पाणी गेलं कुठे! तीन आठवडे मी तेच विचारतोय! नव्या पोरांना मी वर्षानुवर्षं शिकवत आलोय, कोण, काय, कुठे, केव्हा, का... आणि हिला कुणी शिकवलं? आईनंतरचा पहिला शब्द, आणि तो प्रश्न! अंगावर काटा आला माझ्या. साबणही तसाच राहिला हातात.

तेवढ्यात मुलगी आली आणि आतून हा आकांत! "रडतेय ना? मला वाटलंच होतं!" मी म्हटलं, "अगं, बाहेर काढतोय म्हणून रडतेय!" तिने टब पाहिला, मला पाहिलं. नखशिखान्त भिजलेलो. "आंघोळ नक्की कुणाची झाली, बाबा?" पण टॉवेल देताना हळूच म्हणाली, "पाळणाघराला नाही म्हणून कळवते."

मग मी इंजिनिअरला फोन लावला. शिपायाने उचलला. "साहेब आताच रजेवर गेले. महिनाभर!" गेलं... माझंही पाणी गेलं.

टब ओतायला घेतला, ठिणगी कडेवर. सगळं पाणी गरगर फिरत मोरीच्या जाळीतून खाली गेलं. तिने बोट दाखवलं. "कुथे?" मी टब भिंतीला टेकवला. "कुथे?" मी इकडेतिकडे बघितलं. "कुथे? कुथे?" मंत्र्यांना घाम फोडणारा माणूस मी... पण मागे भिंत, पळायला मागचं दार नाही. शेवटी घसा खाकरला आणि नाकातून, अगदी शांतपणे, म्हणालो,

"माहिती घेऊन सांगतो."