बाबा दाराशी असताना

नाही यार, मला नको. मी का सोडलं ते सांगतो, मग आग्रह करू नका.

एका रविवारी दुपारी ऑफिसमधला समीर माझ्या गुरुग्रामच्या फ्लॅटवर गांजा घेऊन आला. म्हणाला, “हायब्रीड आहे, दोन जातींचा मिश्र, पण सुस्ती आणणारी इंडिका जास्त. डोकं फार भिरभिरत नाही, अंग मात्र सैल पडतं. सोफ्यावरून उठवणार नाही बघ.”

अगदी तसंच झालं. समीर आतल्या खोलीत झोपला, मी सोफ्यावर पसरलो. इतक्यात बेल वाजली. टेबलावर सायलेंट केलेला माझा फोन उजळला, बाबांचा कॉल होता. दुखरे गुडघे घेऊन दिल्लीहून मेट्रोनं, न कळवता आले होते. दारापलीकडून त्यांचं खोकणंसुद्धा ऐकू येत होतं. पण हातपाय जड झालेले, आणि खरं सांगू, तशा अवस्थेत त्यांच्यासमोर जायची लाज वाटली. चार वेळा बेल वाजवून ते गेले.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. “गार्ड म्हणाला तू घरीच आहेस. तुझी बेल बिघडलीय वाटतं. लाडवांचा डबा त्याच्याकडे ठेवलाय.”

मी म्हणालो, “हो बाबा, बिघडलीय.”

पुढच्या रविवारी ते नवी बेल आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर! जुनी काढण्याआधी त्यांनी एकदा दाबून बघितली. खणखणीत वाजली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, नवी बेल पिशवीत ठेवली आणि म्हणाले, “चांगली आहे की.”

बस, एवढंच. पण त्यानंतर ते फोन करून विचारल्याशिवाय माझ्याकडे कधी आले नाहीत.