कॉम्प्युटरनं दिलेले नऊ गुण

—नाही नाही आबा, चपला बाहेरच. हो, त्या पायरीवर. चपलेतून व्हायरस येतो—असं मी नाही म्हणत, शालिग्राम सर म्हणतात. आणि सर म्हणजे कोण, बोर्ड वाचला ना खाली—'सॉफ्टवेअर कन्सल्टंट, पुणे रिटर्न'! पुण्याला सहा महिने होते, त्यातले दोन काविळीत गेले. बसा. जपून हां, खुर्ची फिरते. मागच्या आठवड्यात एक नाना बसले ते गोल फिरत थेट भिंतीकडे तोंड करून थांबले, म्हणे कॉम्प्युटर कुठंय? सर नाहीत, दीपनगरला गेलेत, वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या साहेबलोकांना आपली करामत दाखवायला. मीच करतो पत्रिका. वय? सतरा. बटणं दाबायला वय लागतं का? फक्त लाईट गेलीय. येईल. धुळ्याची लाईट आहे, तिच्या मनात आलं की येईल.

दाखवा तोवर चिठ्ठ्या. हा तुमचा रुपचंद, जन्म शिरपूर, बरं—आणि ही मुलगी. एरंडोल. हं. …ठेवा. ठेवा ती खिशात, इथं टेबलावर घामानं शाई पसरते. रुपचंदची राहू द्या माझ्याकडे. मुलगी पाहून झाली? पसंत? सगळ्यांना? आणि गुरुजी जमतंय म्हणाले? मग आबा, एवढ्या उन्हात एस्टीनं इथं कशाला—हां. हां, म्हणजे तुमच्याही कानावर आलं. मागच्या साली धुळ्याच्या कॉम्प्युटरनं या मुलीला छत्तीसातले नऊ दिले, ठरलेलं मोडलं. आणि रुपचंदच्या आईनं तेव्हापासून धसका घेतलाय. म्हणजे आता या डब्यानं हो म्हटलं तर सुपारी, नाही म्हटलं तर नाही. असंच ना? वा! मुलगी तुम्ही पाहिली, तिच्या हातचा चहा प्यायलात, आणि पास-नापास कोण करणार तर हा, टोपी घालून बसलेला. धूळ बसू नये म्हणून टोपी. सर रोज सकाळी त्याला उदबत्ती लावतात, राख आत पडते, मग बटणं अडकली की म्हणतात व्हायरस.

फॅशन आहे आबा, दुसरं काय. आधी सगळं 'इलेक्ट्रॉनिक' होतं, आता सगळं 'कॉम्प्युटराइज्ड'. चौकात बघा, कॉम्प्युटराइज्ड चष्मे, कॉम्प्युटराइज्ड चाकं सरळ करणे, आमच्या गल्लीतल्या रसवंतीवाल्यानं पाटी लावलीय कॉम्प्युटराइज्ड रसवंती—आत काय, तोच ऊस, तोच घुंगरू, फक्त वर एक आकड्यांचं घड्याळ टांगलंय, तेही बंद. रावेरकडं एकानं केळी पिकवायची खोली कॉम्प्युटराइज्ड केली म्हणे. मी जाऊन पाहिली. दाराला कॅल्क्युलेटर दोरीनं बांधला होता! आणि लोक तरी काय, आपल्या पत्रिकेच्या कागदाला दोन्ही कडांना भोकं असतात ना, प्रिंटरच्या दातांत बसायला, ती पट्टी फाडू देत नाहीत. म्हणतात राहू दे, तो शिक्का आहे. एक सुंदरबाई होत्या, त्यांनी तर त्या भोकांना कुंकू लावलं.

आता खरी गंमत सांगतो, सरांना बोलू नका. ही पत्रिका ना, बटण दाबलं की डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात तयार होते. खरंच! पहिल्या महिन्यात लोक खवळायचे. एवढ्यात झालं? गुरुजींना दोन तास लागतात, यानं नीट पाहिलंच नाही. मग सरांनी काय केलं, प्रोग्राममध्ये पाच मिनिटं घुसडली. नुसती पाच मिनिटं! पडद्यावर येतं 'शनी तपासत आहे… मंगळ तपासत आहे…' आणि खाली आकडे चढतात, एक टक्का, दोन टक्के. तो काही तपासत नाही आबा, नुसता आकडे मोजत बसतो. पण लोक हात जोडून बघतात. शनीपाशी आला की एकेकाला घाम फुटतो. याला म्हणायचं सॉफ्टवेअर!

—नाही, मला गणित नाही येत. दहावीला दोनदा गणितातच गेलो. आकडा म्हणून डोक्यात राहत नाही, स्वतःची जन्मतारीखसुद्धा आईला विचारावी लागते. इथं आकडे कागदावर बघायचे आणि ठोकायचे, तेवढंच.

आणि दुसरी गंमत तर—सांगू? सांगतोच, तुमच्या फायद्याची आहे. ते वरच्या रांगेतलं बटण, एफ सेव्हन. ते दाबलं की मशीन विचारतं, 'गुण किती?' आपण टाकू तेवढे छापतं. हो! सरांनी ठेवलंय, मोठ्या पार्टीचं जमवायचं असलं की. म्हणून म्हणतो, ते नऊ तुम्ही मनावर घेऊ नका. ते नऊ कसे आले मला माहीत आहे ना. माझ्या आधी इथं झुलाल म्हणून होता, अतिवात्रट. त्यानं एका मास्तरांच्या पत्रिकेत छापलं होतं, 'पुढील जन्म : रेडा'. तर त्या दिवशी आली एक पार्टी, मुलाचा मामा, चारी बोटांत अंगठ्या. आल्या आल्या म्हणतो, ए पोट्ट्या, माझ्या चपला उन्हातून उचल, सावलीत ठेव. चार माणसांसमोर! बरं, ठेवल्या. तर म्हणतो, हातात उचलून ठेव, पायानं काय ढकलतो? सगळे हसले. असं डोकं फिरलं माझं—त्याचं, झुलालचं. चिठ्ठीवर मुलीचं नाव नाही, नुसती तारीख, वेळ, गाव. कोण पोरगी, आपल्याला काय? दाबलं एफ सेव्हन आणि टाकले नऊ. मामाचं तोंड असं उतरलं, काय सांगू, मजा आली.

मजा आली म्हणजे—संध्याकाळपर्यंत. संध्याकाळी निरोप आला ना मोडल्याचा. मुलीच्या आईनं तीन दिवस चूल पेटवली नाही. मुलगी बालवाडीत शिकवायची, तिथल्या बाया बघून कुजबुजायला लागल्या तर तिनं जाणं सोडलं. त्यानंतर तीन स्थळं आली, तिन्ही नऊचं ऐकून उंबऱ्यावरूनच—मला कसं माहीत? ऐकलं. झुलालनंच सांगितलं. तो आता… तो गेला सुरतला.

आली लाईट! बघा, टोपी काढतो. हा हिरवा ठिपका लुकलुकला की समजायचं जागा झाला. मुलगा आधी, ही तुमची चिठ्ठी—तारीख, वेळ, शिरपूर. आता मुलगी. एरंडोल… सतरा… सहा… चार वाजून बेचाळीस, पहाट. एन्टर. हे बघा सुरू झालं. चंद्र तपासत आहे. तपास बाबा.

काय? काय झालं? खिशाला काय हात लावताय, झालं भरून. चिठ्ठी? कशाला काढता—

…हो. तुमच्याच खिशात होती. मघाशी वाचली ना मी. एकदा वाचली, राहिली लक्षात. नाही राहत का एखाद्याची—आबा, असं बघू नका. तेवीस टक्के. बघा ना तिकडं, मंगळ चाललाय. माझ्याकडं काय बघता?

झुलाल-बिलाल कुणी नाही. मीच करं ते, मीच टाकले नऊ. मनी बहीण शे ती, आबा. प्रमी. माझी सख्खी बहीण. मी इथं मामाकडं राहतो ना, घरी काय ठरतंय कुणी कळवतं का? तिचा वाढदिवस कधी आम्ही केला नाही, वेळ मला कुठून ठाऊक? आणि एरंडोलच्या पोरी काय थोड्या? मोडल्याचं कळल्यावर आईच्या ट्रंकेतली चिठ्ठी काढून बघितली, तीच तारीख. तेवढी एक तारीख जन्मात पाठ झाली. घरी नाही सांगितलं अजून. प्रमीच मला म्हणते, तू कॉम्प्युटरवर बसतोस ना, बघ बरं माझं काय चुकलं.

एकसष्ट. बासष्ट. खरे किती येतील? मला काय माहीत! सतराही येतील, तीसही येतील. एफ सेव्हन हे इथंच आहे, बोट ठेवलं की झालं. बोला, किती टाकू? अठ्ठावीस? बत्तीस? टाकले तरी तुम्ही आता मानणार का? आणि खरेच बत्तीस आले तर? तेही नाही मानणार. माझ्या हाताकडंच बघत बसाल. हे घ्या, हात मांडीवर ठेवले. एकोणऐंशी. शनी आला. येडा शनी, नुसता मोजतोय.

—काढली. वायर काढली. झाला काळा. ना नऊ, ना बत्तीस. सर विचारतील तर म्हणेन लाईट गेली होती.

उठा आबा. मुलगी तुम्ही पाहिलीय, गुरुजींनी सांगितलंय. रुपचंदच्या आईला जे सांगायचं ते सांगा, माझं नाव घेऊन सांगा, छगन एरंडोलचा, पोट्ट्यानं केलं म्हणावं. जा. साडेतीनची शिरपूर गाडी मिळेल. आणि परत आलात तर चपला घालूनच या—व्हायरस-बियरस काही नसतो त्यात.