बोळकं हसू

हिंगोलीच्या दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी तांड्यावरच्या रूपाबाई बसल्या होत्या, पलीकडे जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या अख्तरीबी. रूपाबाईंची नात शितल दारात मोबाइल बघत उभी होती.

"काल नातीनं सिनेमा दाखवला, अख्तरीबी. हिरोइन म्हातारी दिसू नये म्हणून रोज तोंडाचं कातडं सोलून राहिली."

"या अल्ला. काहून?"

"लोकाईनं बघत राहावं म्हणून. म्या डोळेच मिटले."

"तुमाला काय तकलीफ हाय?"

"तकलीफ न्हाई. वर एक, खाली एक, असे दोन दात राहिले. ते काढायचे."

"दुखत न्हाईत तर काहून काढता?"

"शितल माझे व्हिडिओ टाकती. बोळक्या हसण्याला लई लोक बघतात. हे दोन मधात येतात म्हणे."

"अन् भाकर?"

"ह्याच दोघाईनं तुटती. आता दुधात कुस्करीन."

"डॉक्टर चांगले दात काढंल का?"

"दुखतात म्हणून सांगायचं, असं शितल म्हणली."

"आजी, नंबर आला. आत हसू नको बरं. गालाला हात लाव."

"असा?"

"जरा खाली. हां, तसाच ठेव."