उकंडराव कोणाचा

आजच्या निरोपाच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, आपल्या सरपंच प्रेरणाताई. आष्टीहून मुद्दाम आलेल्या पर्यवेक्षिका माधवी मॅडम. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या आपल्या अंगणवाडीच्या अनुसयाबाई. त्यांना न्यायला सिंदी मेघेहून आलेले त्यांचे चिरंजीव अश्वजितभाऊ. सतरंजीवर बसलेल्या वाघझरीच्या माय-बहिणी, आणि दारात उभे राहून जेवण कधी आहे ते विचारणारे माझे मित्र, सगळ्यांना नमस्कार आणि जयभीम.

सूत्रसंचालन करणाऱ्या भैयाजींनी माझं नाव पुकारलं तेव्हा मागे कोणीतरी हसलं. हसा, माझी हरकत नाही. उकंडराव हे नाव माइकवरून ऐकलं की मलाही थोडं हसू येतं. मी संत्र्याच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे. खाली तेलंगणात गेलो की तिथले लोक मला ‘उकंडा गारू’, म्हणजे उकंडासाहेब, म्हणतात. त्यांना अर्थ माहीत नाही, त्यामुळे तिकडे मी फार मोठा माणूस आहे. एकदा तर एका वजनकाट्यावरच्या साहेबानं मला खुर्ची दिली होती. पण तो विषय वेगळा.

तसं आपल्या गावात नावांची काय कमी आहे? श्रावणकाकांनी पोराचं नाव कलेक्टर ठेवलं. हेतू चांगला होता. पण संध्याकाळी काकू अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात, “अरे कलेक्टर, म्हशीले पाणी पाजलं का नाई?” ज्या दिवशी गावात विजेची डीपी बसली त्या दिवशी जन्मलेला आपला डीपी इथेच बसला आहे. त्याचं लग्न दोनदा मोडलं, ते नावामुळे की स्वभावामुळे, ते मी सांगत नाही. आता अंगणवाडीत सगळे रियांश आणि क्रियांश आहेत. एकाला हाक मारली की चौघं वळतात. आमच्या वेळी तसं नव्हतं. बाई हजेरी घ्यायच्या, कलेक्टर म्हणायच्या, डीपी म्हणायच्या, पण चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. आणि मला उकंडा कधीच म्हणाल्या नाहीत. तीन वर्षांच्या शेंबड्या पोराला त्या ‘उकंडराव’ म्हणायच्या.

माधवी मॅडम बाहेरगावच्या आहेत म्हणून सांगतो. माझ्या आधी माझ्या मायला लेकरं झाली होती. एकही जगलं नाही. मग मी झालो. आपल्याकडे अशा लेकराला उकंड्यावर, म्हणजे गावाच्या कचऱ्याच्या ढिगावर, नेऊन ठेवतात. जिची लेकरं जगली आहेत अशा दुसऱ्या बाईनं ते उचलायचं. मग खऱ्या आईनं सूपभर ज्वारी द्यायची आणि आपलंच लेकरू तिच्याकडून विकत घ्यायचं. म्हणजे यम आला तर त्याला वाटावं, हे कचऱ्यातलं आहे, दुसऱ्याचं आहे, ह्याला काय न्यायचं?

माझी माय नलूबाई अनुसयाबाईंच्या दारात गेली. बाई बौद्ध आहेत. त्यांच्या घरानं असल्या गोष्टी छप्पनला सोडल्या. त्या मायला म्हणाल्या, “नलू, मी हे मानत नाई.” माय नुसती रडत राहिली. तेव्हा बाई म्हणाल्या, “मी मानत नाई. पण तू मानतं ना? चाल मंग.” आणि त्यांनी पदर खोचला, उकंड्यावर गेल्या आणि मला उचललं. मॅडम, आपल्या खात्यात सेवेची नोंद कुठून धरतात मला माहीत नाही. माझ्या हिशोबानं बाईंची सेवा तिथून सुरू झाली.

आता पुढची गोष्ट गावातही सगळ्यांना ठाऊक नाही. मायनं मला घरी आणलं, पण ज्वारी दिलीच नाही. विसरली नाही. मुद्दामच दिली नाही. ती बाईंना म्हणाली, “तुमच्याच नावावर राहू द्या. माह्या नावावर लेकरं टिकत नाईत.”

तेव्हापासून मी मायच्या घरी जेवलो, मायच्या कुशीत झोपलो, पण माय मला कधी ‘माहा’ म्हणाली नाही. ताप आला की ती धावत जायची, “बाई, तुमच्या पोराले ताप आहे.” मी शाळा सोडली तेव्हा म्हणाली, “मले काय सांगतं? बाईले विचार.” बाईंनी मला दारात उभं करून जे सुनावलं ते मी या व्यासपीठावरून सांगू शकत नाही. मी पहिल्यांदा गाडीवर गेलो तेव्हाही तेच. आजही मायचा फोन बाईंना जातो, “तुमचा पोरगा कुठं पोचला?” मग बाई मला फोन करतात आणि मग मायला सांगतात. मी एकदा विचारलं होतं, “काऊन वं माय, मी तुहा नाई का?” ती उठली आणि उगाच चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं.

लोक म्हणतात, हा पोरगा एका जागी टिकत नाही. खरं आहे. पण ज्याला घरीसुद्धा पाहुण्यासारखी हाक मारतात, त्याचे पाय कुठे रुजणार? ही तक्रार नाही. थोडी आहे.

काल संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, “नलू, मी उद्या चालली. आता घे तुहं लेकरू.”

माय म्हणाली, “सिंदी मेघे काई परदेश आहे का? तिथूनच राहू द्या तुमचा.”

“अवं, दाढी आली त्याले.”

“यमाले दाढी दिसत नाई, बाई.”

“मी तवाही मानत नव्हती, नलू.”

“पण मी अजून भेते ना.”

बाई उठून घरी गेल्या. रात्री मी ठरवलं होतं की आज इथे, सगळ्यांसमोर बाईंना म्हणायचं, मला परत देऊन मगच गाडीत बसा. आयुष्यात मला दुसरं काही नको होतं. पण आत्ता इथे उभं राहून मी मायकडे पाहतो आहे. ती तिसऱ्या रांगेत, खांबाला टेकून बसली आहे. मी घाटातून गाडी नेत असतो तेव्हा तिला झोप लागते, ती केवळ मी तिचा नाही म्हणून. ती झोप मी कशी मोडू?

म्हणून बाई, माझं मागणं एवढंच. जाताना मला परत करू नका. तुमच्याच नावावर राहू द्या. तिकडे तुम्हाला नातवंडं आहेत, आणि वाघझरीतही एक…

काय म्हणाली? माय काहीतरी म्हणाली. नलूबाई, जरा मोठ्यानं. जिजाबाई, तुम्ही शेजारी आहात, काय म्हणाली ती?

“सांगा वं कोनी माह्या पोराले. केवढं बोलून राह्यला. बस कर म्हना आता.”

ऐकलं सगळ्यांनी? माह्या पोराले.

थांबा, हसू नका. तिनं आता तोंडावर पदर धरला. तिला कळलं काय बोलली ते. माय, घाबरू नको वं. मी इथेच उभा आहे. काही झालं नाही, बघ.

बाई खुर्चीतूनच सांगत आहेत, “झालं, नलू. दिला.”

मंडळी, यानंतर बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. अध्यक्षांनी वेळ दिला, भैयाजींनी घंटी वाजवली नाही, आपण सगळ्यांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मी आभारी आहे. शिक्षण कमी, फिरणं जास्त, त्यामुळे बोलताना गाडी कुठेही वळते. काही उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला. आजवर माझ्या चुकांची तक्रार तुम्ही बाईंकडे नेत होता. बाई चालल्या. यापुढे ती नलूबाईकडे न्यावी, ही विनंती.